आमचं वेगळं आहे

अगं, इन्कम टॅक्सनं माझा संसार मोडायचाच बाकी ठेवला होता! लग्न करून मी इथे मस्कतजवळ माबेलात आले तेव्हा आर्थिक वर्ष संपत आलेलं. त्यामुळे रिटर्न भरताना मी भारतात 'निवासी' आणि सुमेध 'अनिवासी'. आमचे सीए म्हणजे माझे नागपूरचे काका. ते आईला सहज बोलून गेले, "दोघांचं वेगळं आहे. पत्तेसुद्धा वेगळे."

झालं! आईचा रडत व्हिडिओ कॉल.

"जावई कुठायत?"

"ऑफिसातून येतोय गं, ट्रॅफिकमध्ये अडकलाय."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस!"

मी निवासी-अनिवासी सगळं समजावून सांगितलं, पण ती ऐकेचना. तेवढ्यात सुमेध घामाघूम होऊन घरात शिरला. मी फोन त्याच्यासमोर धरला.

"जावईबापू, काका म्हणतात ते खरं? तुमचं दोघांचं वेगळं आहे?"

बूट काढता काढता तो म्हणाला, "हो आई. कायद्यानंच वेगळं आहे. आमच्या हातात काही नाही."

आईनं फोनच ठेवला. आता शुक्रवारी आई-बाबा मस्कतला उतरतायत, आमची समजूत काढायला. आणि हा शहाणा मलाच विचारतो, "असे अचानक का येतायत गं?"