नांदगावची वायर

चहा सांगा, पण त्या गायकाचं नाव काढू नका. आज तो मोठा रॉकस्टार आहे, पण नाव होण्याआधी आपल्या भागात त्याचे दोनच कार्यक्रम झाले. त्यातल्या नांदगावच्या कार्यक्रमाला साउंड माझा होता. भर दुपारी, दुसऱ्याच गाण्याला लाइट गेली. लोडशेडिंग होतं. लोक उठून घरी गेले, आणि हा स्टेजच्या पायरीवर बसून रडला. मी नुसता शेजारी बसून राहिलो.

पुढे मोठा झाल्यावर तो प्रत्येक मुलाखतीत सांगायला लागला, "नांदगावच्या साउंडवाल्यानं वैतागून माझी वायरच उपटली!" लोक पोट धरून हसतात. त्याचे चाहते शोधत शोधत माझ्या दुकानात येतात आणि विचारतात, "काका, वायर उपटणारे तुम्हीच ना?" माझ्या मुलीच्या सासरीसुद्धा मला वायरवाले म्हणतात. नाही नाही म्हणून थकलो मी.

गेल्या महिन्यात तो नाशिकला आला, तेव्हा हॉटेलवर जाऊन त्याला गाठलंच. म्हटलं, "अरे, त्या दिवशी लाइट गेली होती. मी वायरीला हातसुद्धा लावला नव्हता."

तो म्हणाला, "माहितीये दादा. पण सगळे उठून गेले आणि मी रडत बसलो, हे कसं सांगू?"

मग म्हणाला, "तुम्ही म्हणत असाल तर आता खरं सांगतो."

मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, "राहू दे. वायर मीच उपटली."