गरगरीत

सदाशिव पेठेतल्या दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसलेल्या अस्मिताच्या कानावर शेजारच्या आजी-आजोबांचं बोलणं पडत होतं.

"श्यामला, सूनबाई दोन दिवस धड जेवत का नाही?"

"मला काय विचारता? हैदराबादची आहे. आपलं जेवण आवडत नसेल."

"तिनं तुला कसल्याशा शब्दाचा अर्थ विचारला म्हणे."

"गरगरीत. पुष्कर तिला म्हणाला, तुझा चेहरा कसा गरगरीत आहे."

"मग? तू काय सांगितलंस?"

"जाड."

"अगं!"

"खोटं आहे का? गरगरीत माणूस जाडच असतो."

"आणि गरगरीत चंद्र?"

"चंद्राचं तिनं विचारलं नाही. अहो, माझी पुरणपोळी बघून म्हणायचा तो, आई, काय गरगरीत झालीय! लग्न झाल्यापासून एकदा तरी म्हणालाय?"

"फोन लाव तिला."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"लाव."

अस्मितानं हातातलं मासिक तोंडासमोर धरलं.

"सिंधुजा, ऑफिसात आहेस ना? अगं, तो शब्द... गरगरीत म्हणजे छान गोल, पौर्णिमेच्या चंद्रासारखं. हो, कौतुकच केलं त्यानं तुझं... रडतेस कशाला? आधी जेवून घे. रविवारी तुला पुरणपोळी शिकवते... पण माझ्याहून गोल लाटायची नाही हं."