छोट्या फ्लॅशवरची चिकटपट्टी

चूक बापूंची होती, हे आधीच सांगतो. बापू म्हणजे माझे थोरले चुलते. फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झाले, पण घरावरचा हुकूम काही सुटला नाही.

कुंडलला ताईचा साखरपुडा होता. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून माझ्या खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याला मी वेगळा मोठा फ्लॅश आणला होता. त्याला वायर नव्हती. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उडाला की त्या उजेडावर मोठा उडायचा. फोटो चांगले आले तर लग्नाचेही मीच काढायचे, असं आईनं कबूल केलं होतं.

कॅमेरा टेबलावर ठेवून नवऱ्या मुलाकडचे लोणंदचे पाहुणे ओळीनं उभे केले. परत येऊन बघतो तर बापूंनी छोट्या फ्लॅशवर काळी चिकटपट्टी लावलेली.

"आवं बापू, हे काय केलं?"

"पाव्हण्यांच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. दोन-दोन उजेड कशाला डोळ्यात? एक बास."

"छोटा झाकला तर मोठा उडत न्हाई."

"फौजेत सर्चलाइट संभाळलाय मी. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्यानं मला शिकवू नये."

पाहुणे हसले. पट्टी काढायला मला एक सेकंद लागला असता. मी काढली नाही, तसंच बटण दाबलं. फोटोत वीस माणसांच्या जागी नुसता काळोख.

"बघा, पोराला जमत न्हाई," असं म्हणून बापू सगळ्यांना पंगतीला घेऊन गेले.

लग्नाचे फोटो साताऱ्याच्या एका स्टुडिओवाल्यानं काढले. मी जिलेबी वाढली.