अंगठ्याला बांधलेली चिंधी

...आणि वर मलाच म्हणतात, म्हातारे तुझा स्वभावच संशयी. घ्या. आता तुम्हीच सांगा, घरात आलेला माणूस चप्पल काढायच्या आधी काजूकतलीचा खोका पुढं करतो, अन् आपलं त्याचं नातं काय तर काहीच नाय, मग संशय घेऊ नाय तर त्याला ओवाळू? मी काय संशयी बाई नाय, पण काजूकतली कोणी फुकट देत नाय, एवढं कळायला शाळा लागत नाय.

तर हा दीपकशेठ, बिल्डर. मखमलाबाद रोडला माझी चार गुंठे जागा, तिच्यावर पत्र्याचं घर. आमच्या ह्यांनी जाताना ती माझ्या नावावर केली, कारण पोरावर त्यांचाही भरवसा नव्हता. पोरगा म्हणजे गोरक्ष. शेठ बोलत होता अन् हा मान हलवत होता. "आजी, जागा तुमची, बांधकाम माझं. दोन फ्लॅट तुम्हाला, बाकीचे मी विकणार. तुमचा एक रुपया लागणार नाही. फक्त अंगठा."

फक्त अंगठा. मी विचारलं, शेठ, माझी जागा बँकेत गहाण ठेवणार का? तर हसला. "काहीतरीच काय आजी, तुम्ही मला आईसारख्या." आता बघा, विचारलं काय, तर हो का नाय. आई कुठनं आली मधी?

तुम्ही म्हणाल, या अडाणी बाईला बँक कशी सुचली? तर मी वीस वर्षं बिगारी काम केलंय. इंदिरानगरात एका बिल्डिंगीला घमेली वाहत होते, सहा स्लॅब झाले, अन् एका सकाळी गेटला बँकेचा कागद चिकटवलेला. काम बंद. जागेचा मालक वाल्मीकअण्णा, तो कागद वाचायचा, मागं यायचा, परत जाऊन वाचायचा. बिल्डरनं त्याच्या जागेवर कर्ज उचललं अन् फेडलंच नाय. मुकादमाला विचारलं, असं कसं उचललं? तर म्हणे, करारातच लिहिलं होतं, अण्णानं सही केलीय. अन् अण्णा मॅट्रिक बरं का! पण शिकलेल्या माणसाचं असंच असतं, त्याला वाटतं आपल्याला वाचता येतंय ना, वाचू कधीपण. आपलं तसं नाय. मला वाचता येत नाय, म्हणून मी सगळं वाचून घेते.

सून ज्योत्स्ना, बारावी झालेली, तिला बसवलं. कराराची बेचाळीस पानं. ती भाकऱ्या थापता थापता वाचायची, मी पान उलटायची. एकतिसाव्या पानावर ती थांबली. "आत्या, हे ऐका. विकसक सदर मिळकत तारण ठेवून कर्ज घेऊ शकेल." म्हटलं, परत वाच. परत वाचलं तरी तेच.

शेठला बोलावला. "ते छापीलच असतं आजी, सगळ्यांच्याच करारात असतं." म्हटलं, मग वाल्मीकअण्णाच्यातही असंल. गोरक्ष मला डोळे दाखवतोय, मी बघतेय कुठं त्याच्याकडं. शेठनं पेन काढलं अन् ती ओळ खोडली. मी काय संशयी बाई नाय, पण शेजारी त्याचाच अंगठा उठवून घेतला.

मग रजिस्टर हापिसात जायचा दिवस. तिथं काय होतं, कोणीतरी आपला हात धरतो, शाईत दाबतो, कागदावर टेकवतो, अन् खालनं दुसरा कागद कधी सरकला कळत नाय. मी निघतानाच अंगठ्याला चिंधी बांधली, चांगले चार वेढे देऊन. गोरक्ष म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, विळी लागली.

हापिसातला माणूस म्हणतो, "आजी, चिंधी सोडा." सोडते, म्हटलं, आधी सून वाचू दे. "घरी वाचलं नाही का?" वाचलं की, पण हा कागद मी आजच बघतेय. अन् खरंच होता हो दुसरा कागद, मुखत्यारपत्र म्हणे, म्हणजे माझ्या नावानं शेठनं काय काय करायचं त्याची यादी. ज्योत्स्ना वाचतेय, वाचतेय, अन् थांबली. तीच ओळ! पुढच्या दारानं हाकललेलं मांजर मागच्या दारानं येऊन चुलीपाशी बसावं, तशी.

"टायपिंगची चूक," शेठ म्हणाला.

"टायपिंगवाल्याला माझीच जागा बरी सापडली."

मागं रांग कुरकुरतेय, गोरक्ष छताकडं बघतोय. खोडली ती पण. मगच चिंधी सोडली, अन् आतनं अंगठा निघाला धडधाकट. अख्खं हापीस हसलं. हसू दे.

लय ऐटीत होते मी. घर पाडलं, आम्ही भाड्याच्या खोलीत गेलो. दोन स्लॅब झाले अन् काम थांबलं. गेले शेठकडं. तर तो कपाळाला हात लावून बसलेला. "आजी, बँक तुम्हीच बंद केलीत. आता बुकिंगच्या पैशांवर बांधायचं, तर गिऱ्हाईक येतं, विचारतं या बिल्डिंगला कुठल्या बँकेचं कर्ज आहे. मी सांगतो, कुठल्याच नाही. की त्याला शंका, याला बँकेनं दारात उभं का केलं नसेल?"

लोक किती संशयी असतात बघा.

मग खर्च कमी करायचा म्हणून शेठनं वॉचमन काढला. आता मला सांगा, सळया उघड्यावर, सिमेंट उघड्यावर, अन् जागा कुणाची? मी काय संशयी बाई नाय, पण रोज भाकरी बांधून जाते, सळया मोजते, संध्याकाळी परत मोजते. शेठनं प्लास्टिकची खुर्ची दिलीय.

परवा एक गाडी आली. बायको-नवरा, चांगले नोकरीवाले, फ्लॅट बघून खाली उतरले. त्यांना आवडला होता, मला तोंडावरनं कळतं. माणूस हळूच माझ्यापाशी आला, वाकून म्हणतो, "मावशी, खरं सांगा. शेठ तुमचा पगार वेळेवर देतो का?"

मी कशाला खोटं बोलू? म्हटलं, अजून एक रुपया नाय दिला.

गाडी वळवली अन् गेले. गोरक्षला हे बोलले नाय मी अजून.