गंगेकाठची तिवरं

ता. १३ ऑगस्ट १९८१

मी, सौ. सगुणाबाई धोंडीराम भोईर, वय ४१, शिक्षण मॅट्रिक, काम घरचं, राहणार गणेशवाडी, पंचवटी, नाशिक. चौकीत स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मयत जोमा कान्हा म्हात्रे हा माझा सख्खा थोरला भाऊ. दसकजवळ गंगेत, म्हणजे गोदावरीत, मिळालेलं प्रेत मी व माझ्या यजमानांनी काल पाहून ओळखलं. त्याची बायको वारलेली, मूलबाळ नाही.

आमचं माहेर ठाणे जिल्ह्यात खाडीकाठी. तिथे भातशेती मातीच्या बांधाआड असते आणि बांधापुढे चिखलात तिवरांचं रान. तिवर म्हणजे खाऱ्या पाण्यातलं झाड. त्याची मुळं चिखल धरून ठेवतात, लाट बांधापर्यंत येते ती जोर मोडूनच. कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या त्याच मुळांत वाढतात. हिरव्या तिवराला कोयता लावायचा नाही, वाळकं तेवढं मोडून आणायचं, अशी गावची रीत. नारळी पुनवेला पहिला नारळ तिवरांत सोडत, दुसरा खाडीला.

१९७४ च्या सुमारास बाहेरच्या एका ठेकेदाराने वीटभट्टीच्या जळणासाठी ते रान तोडायला घेतलं. जोमादादाने कचेरीत अर्ज दिला. जमीन पडीक आहे, असं उत्तर आलं. दोन हिवाळ्यांत रान संपलं. पुढच्या उधाणाला बांध फुटला. गावाने बांधला, परत फुटला. शेतात मीठ बसलं, मासळी गेली. पुन्हा बांधाच्या कामाची हाळी दिली तेव्हा टोपली घेऊन आलेला दादा एकटाच होता, असं त्यानेच मला सांगितलं.

त्यानंतर तो माझ्याकडे राहायला आला. भाजी मार्केटात हमाली करी. आमच्या घराखालचा काठ दर पावसाळ्यात ढासळतो. ते पाहून गेल्या साली त्याने गावाकडे उरलेल्या एकदोन तिवरांचं बी ओल्या गोणीत आणून काठाला लावलं. मी म्हणाले, "दादा, हे गोडं पाणी. इथे कसं जगेल?" तो म्हणाला, "जरा मीठ दे गो." मी म्हणाले, "मीठ काय मी झाडांना घालायला आणते?" पण दिलं. काही रोपांनी पानं धरली होती.

१० तारखेला श्रावणी सोमवार म्हणून मी कपालेश्वराला गेले होते. धरणातून नदीला पाणी सोडल्याचं भोंग्यावरून सांगत होते. पुढची हकीकत आमची शेजारीण ठमाबाई, भाजीवाली, हिने मला सांगितली. दादा रोपांजवळ बसलेला होता. पाणी वाढलं तसा तो उभा राहिला. ठमाबाई वरून म्हणाली, "दादा, वर या. रोपं काय पळून चाललीत का?"

तो म्हणाला, "तीच चाललीत, म्हनून त धरलीत. भिऊ नको गो बाय, भरती हाय. आता फिरंल पानी."

ठमाबाई म्हणाली, "हे नाय फिरत, दादा. हे जायकवाडीला जातं."

त्यावर तो हसला आणि तिथेच थांबला. लोकांनी दोर आणला तोवर पाणी छातीच्या वर गेलं होतं. नंतर तो दिसला नाही.

त्याने जीव दिला का, असं मला विचारण्यात आलं. नाही. खाडीकाठचा माणूस चढत्या पाण्यापुढे पळत नाही, जवळचं झाड धरून थांबतो. पाणी वळलं की घरी येतो. आमचे वडील असेच थांबत आणि आई तोवर चूल विझू देत नसे. दादाला ही नदी कळली नाही, एवढंच.

काठावर आता एकही रोप नाही. तो काठही राहिलेला नाही, आमच्या मागच्या भिंतीला तडा गेला आहे. मयताबाबत गावी कोणाला कळवायचं, असं विचारलं. तिथल्या घरांना कुलपं आहेत.

मरणाबाबत माझा कोणावर संशय नाही. रानाबाबत आहे. ते या चौकीच्या हद्दीत येत नाही, असं मला सांगण्यात आलं.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला व मी स्वतःही वाचला. त्यात "मयत पाण्यात उतरला" असं लिहिलं होतं, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "पाणी मयतापाशी आलं" असं केलं आहे. बाकी मी सांगितलं तसंच आहे.

सही
सगुणाबाई धोंडीराम भोईर