अक्काच्या टोपीतली विभूती

माझा दोस्त मल्ल्या मला म्हणला, "दम असंल तर तुझ्या अक्काचा काळा गाऊन घालून चौकात चा पिऊन दाखव." मी येडा, व्हय म्हणून बसलो.

अक्काला दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्यात डिग्री मिळणार व्हती. आमच्या घरातली पहिलीच. गाऊन आन् ती चौकोनी टोपी कपाटात ठिवलेली. "हात लावलास तर तंगडी मोडते," असं तिनं आधीच सांगितलं व्हतं.

दुपारी ती बाजारात गेली आन् मी खोलीकडं सटकलो. दाराच्या फटीतून बघतो तर काय, आत आमचे अप्पा! सातवीत शाळा सोडून आडतीत पोती उचलणारे अप्पा अंगात गाऊन, डोक्यावर टोपी घालून आरशासमोर ताठ उभे. कुणीतरी डिग्री द्यायलंय आन् ते घ्यायलेत, असे दोन्ही हात पुढं. आरं, मला तर कलेक्टरच वाटले! मी समद्यांची टिंगल करतो, पर तवा हसूच येईना. पाय न वाजवता माघारी फिरलो. पैज गेली.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारात अक्कानं टोपी उलटी केली, तर आतल्या पट्टीला पांढरी विभूती. तिनं माझा कानच पिरगाळला, "तूच घातलास ना रं?"

मी कवा विभूती लावतो, असं तोंडावर आलं व्हतं. पर अप्पांचं विभूतीचे पट्टे वढलेलं कपाळ बघितलं आन् कान तसाच तिच्या हातात ऱ्हाऊ दिला.

अप्पा खाली बघत म्हणले, "सोड त्याला, बाई. मी घातलो व्हतो. कसं दिसतंय, बघायलो व्हतो."

"लई भारी दिसायलं व्हतं, अप्पा," मी बोलून गेलो.