दरीतला पहिला कोंबडा

पावाच्या रांगेत दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती.

“झांबेता, कोंबडा आणलास म्हणे? चारशे वर्षांत या दरीत कुणी पाळला नाही!”

“का पाळू नये गं, अनेझिना?”

“तो आरवला की समुद्रावरच्या चाच्यांना गावाचा पत्ता लागतो.”

“अगं बाई, दोनशे वर्षांत एक तरी चाचा फिरकला का इथे?”

“कसा फिरकेल? कोंबडाच नव्हता! गावाच्या पाटीवरसुद्धा लिहिलंय, ‘पाहण्यासारखं: पाणचक्की, बुरूज, बिनकोंबड्याचं गाव.’ रविवारी काप त्याला.”

“माझ्या मानोलिसला? हात तर लावून बघ!”

तेवढ्यात झांबेताच्या अंगणातून मानोलिस आरवला. खाली बंदरात भोंगा वाजला.

“घे! आले!”

“रोजची बोट आहे गं ती,” झांबेता म्हणाली, आणि हातातला पाव तिने हळूच ॲप्रनखाली लपवला.